वेणूच्या पुराचं चित्र

फाल्गुन उतरणीला लागला की माझं चित्त थाऱ्यावर राहत नाही. मावळात राब भाजायला सुरुवात होते. भाताची रोपं जिथे टाकायची त्या तुकड्यावर शेण, पालापाचोळा, तोडलेल्या फांद्या रचून आग देतात, आणि तो कडवट-गोड धूर संध्याकाळी लोणावळ्यातल्या माझ्या खिडकीपर्यंत येतो. शेजारचे खिडक्या लावून घेतात. मी उघडते. चुलीवरचं दूध उतू जातं, हातातलं शिवण तसंच राहतं. उठून चपला घालते, फाटकापर्यंत जाते, परत येते, पुन्हा जाते. जायचं कुठे असतं? कुठेच नाही. पण पायांना ते पटत नाही.

आयुष्यभर शाळेत शिकवलं, त्यामुळे लोकांना वाटतं ही परीक्षेच्या दिवसांची सवय. थोडीफार तीही असेल. मीही त्याच दिवसांत मॅट्रिकला बसले होते. साठ सालानंतरचं दुसरं-तिसरं वर्ष असेल. वडील मळवली स्टेशनवर तिकीटबाबू होते, घर स्टेशनाला लागूनच. गाडी आली की भांडी थरथरत आणि भूमितीची प्रमेयं डोक्यातून सांडत. पास झाले तर पुण्याला शिकायला पाठवू, नाही तर स्थळं बघू, असं वडिलांनी एकदाच, शांतपणे सांगितलं होतं. ओरडून सांगितलं असतं तर बरं झालं असतं. त्या शांतपणामुळे मला पुस्तकासमोर बसवेना.

त्याच महिन्यात सुमतीताई आल्या.

गावाबाहेर मुंबईच्या एका शेटजींचा बंगला होता. गावातले कोंडिबा त्याची राखण करायचे. उरलेल्या वेळात भातशेती. शेटाणीबाई सुमतीताईंची शाळेतली मैत्रीण, म्हणून दोन महिने बंगला त्यांना दिलेला. सुमतीताई पुण्यात मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायच्या. चाळिशीच्या, एकट्या, उंच, पदर कमरेला खोचून चालणाऱ्या. पहिल्याच दिवशी वडिलांच्या खिडकीशी येऊन त्यांनी विचारलं, "इथे नदीत मार्चमध्ये गुडघ्याएवढं तरी पाणी असतं का हो?" वडील गोंधळले. तिकिटाच्या खिडकीवर असा प्रश्न कुणी विचारलेला नव्हता.

पाणी हवं होतं ते एका पुस्तकासाठी. आमच्या घरात त्याला 'वेणूचं पुस्तक' म्हणत. एकोणिसाव्या शतकातली, खास मुलींसाठी लिहिलेली कादंबरी, कुठल्याशा इंग्रजी गोष्टीवरून बेतलेली. सावत्र आईच्या जाचात वाढलेली वेणू, ती सावत्र आईच बाळंतपणात अडते तेव्हा पुराचा ओढा ओलांडून सुईणीला घेऊन येते. आई वाचते, तिचं मन पालटतं, आणि शेवटी वेणूला मामलेदाराचं स्थळ मिळतं. आईकडे त्याची फार जुनी प्रत होती. तिच्यातली चित्रं छापणाऱ्यानं इंग्रजी पुस्तकातूनच उचललेली. मजकुरात वेणू लुगडं सावरत पाण्याला निघालेली, आणि समोरच्या पानावर फुग्याच्या बाह्यांचा झगा घातलेली गोरी पोर, डोक्याला टोपडं, पायाशी लोंबत्या कानांचा कुत्रा. लहानपणी मी आईला विचारायची, कुत्रा गोष्टीत कधी येणार? आई म्हणायची, येईल पुढे.

शाळेत नंतरची आवृत्ती होती. त्यातली वेणू कॅलेंडरवरच्या लक्ष्मीसारखी. प्रत्येक चित्रात मान खाली. पुराच्या प्रकरणात चित्र होतं, पण पुराचं नव्हतं. पूर ओलांडून झालेला, लुगडं कोरडं, वेणू सासरी जायला निघाल्यासारखी दारात समई धरून उभी.

"मला हे नको आहे," सुमतीताई मला म्हणाल्या. दोन्ही प्रती त्यांनी ओसरीवर शेजारी-शेजारी उघडून ठेवल्या होत्या. "नवी आवृत्ती निघते आहे. सात चित्रं मागितली आहेत. सहा ते सांगतील ती देईन. पण एक पाण्यातलं. मुलगी पाण्यात उतरलेली हवी मला. खरी."

खरी मुलगी तिथेच होती. कोंडिबांची हौसा ओसरीच्या पायरीवर तांदूळ निवडत बसलेली. माझ्याच वयाची, तिसरीतून शाळा सुटलेली. रुंद खांदे, काळीसावळी, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणारी. "म्या उतरते की," ती म्हणाली. "त्यात काय? रोज उतरते."

कोंडिबांनी दोन दिवस हो-नाही केलं. मग पाहुणीबाईचं मन मोडवेना म्हणून म्हणाले, "हिची आई काठावर बसंल. मंग काडा चितर." म्हणून मग सकाळी इंद्रायणीच्या काठी सखूमावशी धुणं घेऊन बसायच्या, हौसा काचा मारून पाण्यात उभी राहायची, सुमतीताई मांडीवर फळी घेऊन रेघा ओढायच्या आणि मी मोठ्यानं वेणूचं पुस्तक वाचायची. "तुझा मराठीचा अभ्यास होईल," सुमतीताईंनी मला फसवलं, आणि मी आनंदानं फसले. नदीपलीकडे भाज्याच्या डोंगरावर वणवे लागलेले असायचे. दिवसा ते दिसत नसत, नुसता डोंगर थरथरल्यासारखा वाटे.

हौसाला स्थिर उभं राहता यायचं नाही. उभं राहता यायचं, पण ऐकता ऐकता नाही. सावत्र आई वेणूला उपाशी ठेवते तिथे ती पाण्यात पाय आपटायची. "ही गप का बसती? मी न्हाई बसले."

"हौसा, मान," सुमतीताई म्हणायच्या.

पुराचं प्रकरण मी दोनदा वाचलं. तिनंच पुन्हा वाचायला लावलं. वेणू पाण्यात पडते, उठते, पलीकडे जाते, सुईणीला खांद्याशी धरून आणते. वाचून झाल्यावर हौसानं विचारलं, "सुईण येळंवर पोचली?"

"पोचली."

"बाई वाचली?"

"वाचली."

सखूमावशी धुणं आपटत होत्या. आपटता आपटता त्या सहज बोलून गेल्या, "पुस्तकातली वाचती बाई. गेनूची पयली न्हाई वाचली. गेल्या आखाडात अशीच वढ्याला पूर आलता. सुईण पल्याड, ही अल्याड. पोर बी गेलं."

गेनू कोण ते मला ठाऊक होतं. आंदर मावळातला बिजवर, एक लहान मुलगी असलेला. हौसासाठी त्याच्याशी बोलणी चालली होती. बोलणी म्हणजे जवळजवळ ठरलंच होतं, वैशाखात बार उडवायचा. पण त्याची पहिली बायको कशानं गेली हे हौसाला त्या सकाळपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. तिनंही विचारलं नव्हतं. आपल्याकडे कोण विचारतं? मेली म्हटलं की गोष्ट संपते.

हौसा पाण्यातून बाहेर आली. काचा सोडला. सुमतीताईंनी पेन्सिल खाली ठेवली. त्या दिवशी चित्र पुढे सरकलं नाही.

संध्याकाळी कोंडिबा तणतणत बंगल्यावर आले. मी तिथेच होते. "ताई, तुमी चितरं काडा, आमचं काय म्हननं न्हाई. पर माज्या पोरीच्या डोस्क्यात काय भरवू नगा. म्हनती, आदी वढा बगीन, मंग नवरा. आसं कुटं आसतंय व्हय? लोक काय म्हनतील?"

"मी काही भरवलं नाही, कोंडिबा," सुमतीताई म्हणाल्या. "पण जिथे जन्म काढायचा ती वाट बघितली तर बिघडतं काय? चला, मीही येते."

"तुमी? आंदर मावळात? गाडी न्हाई, रस्ता न्हाई. चालाया लागंल."

"चालेन."

कोंडिबांनी मुंडासं काढून डोकं खाजवलं आणि ते निघून गेले. बंगल्यावरच्या बाईनं येते म्हटल्यावर त्यांना आता नाही म्हणता येणार नव्हतं, हे सुमतीताईंना कळत होतं, मलाही. त्यांना असं अडकवलं हे ताईंना स्वतःलाच आवडलं नाही. रात्रभर त्या ओसरीवर येरझारा घालत होत्या, असं सखूमावशी दुसऱ्या दिवशी सांगत होत्या.

माझा शेवटचा पेपर झाला आणि दुसऱ्याच सकाळी आम्ही चौघं निघालो. पॅसेंजरनं कान्ह्याला उतरलो, टाकव्यापर्यंत कुणाची तरी बैलगाडी मिळाली, पुढे पायवाट. ऊन चढत गेलं. डोंगरांच्या उतारांवर राबांचे काळे चौकोन पडलेले, काही अजून धुमसत होते. करवंदं हिरवीच होती, तरी हौसा तोडून चीक पुसून तोंडात टाकत होती. कोंडिबा पुढे, कुणाशीच बोलत नव्हते. मला पेपर आठवत होते, सोडलेला एक प्रश्न आठवत होता, आणि मधूनच वाटे, आपण नापास झालो तर आपल्यालाही असाच कुठला तरी ओढा बघावा लागेल. आणि आपल्याला हौसासारखं "आदी बगीन" म्हणता येईल का? माझ्या घरात तर सगळं इतकं शांतपणे ठरायचं.

दुपारी ओढ्यावर पोचलो. ओढा कोरडा ठणठणीत. पांढरे धोंडे, मधे एखादं डबकं, त्यात शेवाळ. पलीकडे चढावर आठ-दहा घरं. काठावरच्या उंबराच्या सावलीत गेनू उभा होता. निरोप आधी गेला होता. किडकिडीत, तिशीच्या आतला, अंगात धुतलेली बंडी. त्याच्या धोतराला धरून चारेक वर्षांची पोर उभी, सगुणा. ती आमच्यापैकी फक्त सुमतीताईंच्या चष्म्याकडे बघत होती.

हौसानं गेनूकडे पाहिलंच नाही. ती सरळ ओढ्याच्या पात्रात उतरली, मधल्या मोठ्या धोंड्यावर जाऊन उभी राहिली. आणि मग तिनं वर पाहिलं. उंबराच्या फांद्यांत, आमच्या डोक्यांच्याही वर, वाळलेलं गवत अडकलं होतं. गवताचे पुंजके, चिंध्या, एक फुटकी पाटी.

"ह्ये काय?"

"पुराचं हाय," गेनू म्हणाला. "हितवर येतंय पानी."

"त्या दिशी बी?"

"व्हय. त्या दिशी बी." मग त्यानं कोंडिबांकडे बघून, पण तिच्यासाठी, सांगितलं. "तीन डाव उतरलो मी. तिसऱ्या डावाला बैलाची शेपटी धरली. बैल मधनं परतला, त्याच्यासंगं मी बी परत आलो. सुईण पल्याड हुबी व्हती. दिसत व्हती मला. त्वांडानं कायतरी सांगत व्हती, पर पान्याच्या आवाजात आयकू येत नव्हतं."

डोंगरात एक पावश्या ओरडत होता, त्याचा राग आला मला.

हौसानं पहिल्यांदा त्याच्याकडे बघितलं. चांगलं, वरपासून खालपर्यंत. "वढ्यावर साकव का न्हाई बांदला?"

"कोन बांदणार? एवढीशी घरं."

"तुमी."

"ए पोरी!" कोंडिबा खेकसले.

"आबा, मी न्हाई म्हनत न्हाई," हौसा म्हणाली. "म्या येते. पर साकव बांदू द्या. साकवावरनंच येते."

गेनूनं जमिनीकडे बघितलं. पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. ओढ्याची रुंदी डोळ्यांनीच मोजल्यासारखी या काठाकडून त्या काठाकडे नजर नेली. "लाकूड बगाया लागंल," एवढंच म्हणाला.

सुमतीताई बंगल्यावर परतल्या आणि इंद्रायणीकाठी काढलेली सगळी चित्रं त्यांनी कपाटात ठेवून दिली. छान होती ती. पाण्यात उजेड पडलेला, हौसाची पाठ ताठ. "यात भीती नाही," त्या म्हणाल्या. दोन दिवस कागदावर काहीच उमटलं नाही, त्या चिडत होत्या, चहा टाकून विसरत होत्या. मग त्यांनी एकदमच काढलं. कोरडा ओढा, धोंड्यावर वेणू, आणि ती वर बघते आहे, झाडाच्या फांद्यांत अडकलेल्या गवताकडे. बस. पाण्याचा थेंब नाही. मला त्या चित्राकडे फार वेळ बघवायचं नाही, आणि तिथून हलवायचंही नाही.

साकव झाला. वैशाखाच्या मध्यावर गेनू स्वतः मळवलीला सांगायला आला. "झालाय," म्हणाला, पाणी प्याला आणि आल्या पावली गेला. हौसा त्यावरून सासरी गेली. मी पास झाले आणि पुण्याला गेले.

पुढचं सगळं सरळ झालं असं नाही. पहिल्याच आषाढात साकव वाहून गेला. हौसा तेव्हा नव्या सुनेच्या रीतीनं आखाडाला माहेरी होती. भिजून चिंब झालेला गेनू दारात उभा राहिला, नुसता म्हणाला, "गेला." कोंडिबा म्हणाले, "फिटली ना हौस?" तेव्हा हौसानं गेनूला टॉवेल दिला आणि ती म्हणाली, "उंच बांदाया पायजे व्हता. दिवाळीनंतर बांदू. मी बी येते दगुड उचलाया." दुसरा साकव उंबराच्या बुंध्याला बांधून घेतला, पुराच्या गवताच्याही वर. तो टिकला.

दरम्यान पुस्तक छापून आलं होतं. सदाशिव पेठेतल्या त्यांच्या खोलीत सुमतीताईंनी ते माझ्यापुढे टाकलं. "बघ."

बघितलं आणि क्षणभर कळेना. वेणू होती, धोंडा होता, झाड होतं. पण ओढा भरलेला होता. प्रकाशकांनी दुसऱ्या कुणाकडून तरी पाण्याच्या रेघा मारून घेतल्या होत्या. पुराचं प्रकरण, आणि चित्रात पूर नाही, मुली काय म्हणतील? त्याच हातानं फांद्यांतलं गवतही खोडून टाकलं होतं. आता घोट्यापर्यंत पाण्यात उभी राहिलेली वेणू आभाळाकडे तोंड करून देवाचा धावा करत होती.

"पाय धुते आहे आणि प्रार्थना करते आहे," सुमतीताई म्हणाल्या. त्या हसल्या नाहीत. "तुझ्या आईच्या पुस्तकातला कुत्रा तेवढा राहिला घालायचा." पुन्हा जुन्या पुस्तकांना हात लावणार नाही, अशी त्यांनी शपथच घेतली.

पुढल्या वर्षी मार्गशीर्षाच्या सुट्टीत मी ती प्रत घेऊन हौसाकडे गेले. न्यावी की नको, कान्हे येईपर्यंत ठरत नव्हतं. तिच्या मांडीवर तीन महिन्यांची मुलगी होती. भाद्रपदात झालेली, भर पावसात. मी काही विचारायच्या आत तिनंच सांगितलं, "सुईण चालत आली साकवावरनं. माज्या कानानं आयकली म्या तिची पावलं."

मग तिनं पुस्तक घेतलं, तिला तिचं पान बरोबर सापडलं. मी घाईघाईनं सांगायला लागले की ताईंनी असं नव्हतं काढलं, हे पाणी मागाहून कुणीतरी, त्यांना फार वाईट वाटलं.

"वाईट कशाला?" हौसा म्हणाली. तिनं चित्र उजेडात धरलं. "बराबर हाय. पानी आलं की मी आशीच बगते वर. कुटवर चडंल त्ये बगत ऱ्हाते. ही बी त्येच करतीया."

पुण्याला परतल्यावर मी हे सुमतीताईंना जसंच्या तसं सांगितलं. त्या खिडकीशी उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "मला तो ओढा पावसात दाखवशील?"

लगेच जमलं नाही. दोन पावसाळे तसेच गेले. एकदा त्यांची शाळा, एकदा माझी. श्रावणातल्या एका रविवारी निघालो. तोवर त्या पन्नाशीकडे झुकल्या होत्या, गुडघा दुखत होता. डोक्यावर इरलं, पिशवीत मेणकापडात गुंडाळलेले कागद. ओढ्याचा आवाज वळणाच्या अलीकडूनच यायला लागला. पोचलो तर पाणी मातकट, उंबराच्या खालच्या फांद्या बुडालेल्या, आणि वर तो साकव. दोन ओंडके, आडव्या फळ्या, एका बाजूला धरायला दोर. पलीकडे हौसा उभी, मागे सगुणा आणि धाकटी.

सुमतीताई साकवावर चढल्या. निम्म्यात गेल्या आणि थांबल्या. खाली बघितलं त्यांनी. दोरावरची बोटं पांढरी पडलेली मला मागून दिसत होती. पुढे पाऊल पडेना, मागे वळता येईना. मी हाका मारत होते, पण माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. हौसा साकवाच्या टोकाशी आली, एक पाय फळीवर ठेवला, हात पुढे केला आणि ओरडली. पाण्याच्या वरून तिचा आवाज आला.

"ताई! खाली बगू नगा! माज्याकडं बगा! माज्याकडं!"

आणि ताई गेल्या. एकेक पाऊल. हौसाच्या हातात हात पडेपर्यंत त्यांनी तिच्यावरून नजर काढली नाही. दिवसभर चुलीपाशी बसून चहा प्यायला, धाकटीला मांडीवर घेतलं, पिशवीतले कागद बाहेर काढले नाहीत. घरी जाऊन काढलं.

त्या पुस्तकाची पुढची आवृत्ती निघाली तेव्हा जुने प्रकाशक राहिले नव्हते. काम त्यांची सून बघायची, आणि ताईंनी शपथ मोडून घरी काढलेलं चित्र तिला दिलं. तिनं ते चित्र एका रेघेचाही बदल न करता छापलं. त्यात ओढा नाही, झाड नाही, साकवाचं फक्त एक टोक. पलीकडे उभी असलेली काळीसावळी, रुंद खांद्यांची मुलगी हात पुढे करून वाचणाऱ्याकडे बघते आहे. मी आजवर मुलींच्या पुस्तकांतली पुष्कळ चित्रं बघितली. त्यांतल्या मुली रडतात, लाजतात, प्रार्थना करतात, पण सगळ्यांचे ओठ मिटलेले असतात. या मुलीचं तोंड उघडं आहे, दात दिसताहेत, गळ्याच्या शिरा ताणल्या आहेत. ती ओरडते आहे.